फिरऔनच्या पलीकडचा मिस्र

(गोरेगाव येथील युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मित्रमैत्रिणींनो, आजचा विषय आहे प्राचीन इजिप्त, म्हणजे आपल्या घरातल्या भाषेत मिस्र, आणि तिथले राज्यकर्ते. विषय दूरचा वाटतो, पण या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला इजिप्तचा निदान एक राज्यकर्ता लहानपणापासून माहीत आहे. दादी-नानीच्या गोष्टीत तो भेटला, मदरशात भेटला, जुम्म्याच्या बयानात भेटला. तो म्हणजे फिरऔन. हजरत मूसांचा पाठलाग करणारा, स्वतःला रब म्हणवणारा आणि दर्यात बुडून मेलेला.

आज आपण दोन गोष्टी वेगळ्या करून पाहू. कुरआनमधला फिरऔन आपल्याला काय सांगतो ही एक. आणि तीन हजार वर्षांचा इजिप्त प्रत्यक्षात कसा होता ही दुसरी. या दोन्हींची सरमिसळ झाली की धर्माचंही नुकसान होतं आणि इतिहासाचंही. का, ते सांगते.

सुरुवात तुमच्या मोबाइलपासून करू. एक फोटो वर्षानुवर्षं फिरतो आहे. काचेच्या पेटीत, वाळूवर, गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडलेला एक वाळलेला देह. खाली लिहिलेलं असतं की हाच फिरऔन, तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर सापडला, बघा अल्लाहची निशाणी. सुभानअल्लाह लिहून पुढे पाठवा.

तो देह खरा आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पण तो समुद्रकिनाऱ्यावर सापडलेला नाही. दक्षिण इजिप्तमध्ये, नाईलच्या काठी, गेबेलैन नावाच्या जागी वाळूतल्या साध्या खड्ड्यात तो पुरलेला होता. तो कुठल्याही राजाचा नाही. इ.स.पू. ३४०० च्या आसपासचा, म्हणजे इजिप्तमध्ये एकछत्री राजवट सुरू होण्याच्याही आधीचा आहे. हजरत मूसांचा काळ अभ्यासक साधारणपणे इ.स.पू. तेराव्या शतकाच्या आगेमागे धरतात. म्हणजे मध्ये दोन हजार वर्षांचं अंतर आहे. कोरड्या, गरम वाळूने त्या देहातलं पाणी शोषून घेतलं म्हणून तो टिकला.

२०१२ मध्ये त्या देहाची सीटी स्कॅन तपासणी झाली. तो १८ ते २१ वर्षांचा तरुण होता. त्याच्या पाठीत, डाव्या खांद्याच्या मागच्या बाजूला, धारदार शस्त्राचा वार झालेला होता. बरगडीला मार होता. कुणीतरी मागून भोसकलेला एक सामान्य मुलगा, इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या वयाचा. त्याच्यावर कुणी जुलूम केला असेल, पण त्याने कुणावर जुलूम केल्याचा कसलाही पुरावा नाही. आणि आपण त्याला जगातला सर्वांत मोठा जालिम ठरवून लाखो फोनवर फिरवतो आहोत. पुराव्याशिवाय एखाद्यावर आरोप ठेवायला आपला दीन काय म्हणतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. तो माणूस मेलेला आहे म्हणून आरोप हलका होत नाही.

दुसरा फॉरवर्ड रामसेस दुसरा या राजाचा. त्याची ममी फ्रान्सला नेली, डॉक्टरांना देहात मीठ सापडलं, म्हणजे तो समुद्रात बुडाला होता, वगैरे. यातला खरा भाग असा की १९७६ मध्ये ही ममी उपचारासाठी पॅरिसला नेली होती. तिला बुरशी लागली होती आणि गॅमा किरणांचा मारा करून ती नष्ट केली. मोरिस ब्युकाय नावाचे फ्रेंच डॉक्टर होते, त्यांनी कुरआन, बायबल आणि विज्ञान यांवर पुस्तक लिहिलं, हेही खरं. पण मिठाचं काय? ममी करताना देह सुमारे ४० दिवस नॅट्रॉनमध्ये ठेवत. नॅट्रॉन म्हणजे इजिप्तच्या कोरड्या तळ्यांत मिळणारा क्षार, सोडा आणि मीठ यांचं नैसर्गिक मिश्रण. आपल्याकडे सुकट-बोंबील टिकवतात त्यामागे जे तत्त्व आहे, तेच. त्यामुळे मीठ प्रत्येक ममीत सापडतं. शिवाय रामसेसची ममी १८८१ मध्ये लक्सरजवळ, डोंगरातल्या एका लपवलेल्या कोठडीत इतर राजांच्या ममींसोबत मिळाली. त्याचा मुलगा मर्नेप्ताह याची ममी १८९८ मध्ये 'राजांच्या दरी'त दुसऱ्याच राजाच्या थडग्यात मिळाली. दोन्ही जागा समुद्रापासून दूर. रामसेस नव्वदीच्या घरात, सांधेदुखी आणि दातांच्या दुखण्याने बेजार होऊन गेला, असं त्याचा देह सांगतो.

मग कुणी विचारेल, सूरह यूनुसमध्ये फिरऔनचा देह पुढच्यांसाठी निशाणी म्हणून वाचवला असा उल्लेख आहे, त्याचं काय? इब्न कसीर यांच्यासारख्या जुन्या भाष्यकारांनी त्याचा साधा अर्थ दिला आहे. इतका बलाढ्य माणूस मेला यावर लोकांचा विश्वास बसेना, म्हणून लोकांना खात्री पटावी यासाठी त्याचा देह किनाऱ्यावर आणला गेला. त्या भाष्यकारांना संग्रहालयातल्या ममीची गरज पडली नाही. आपला ईमान लंडनच्या किंवा कैरोच्या एखाद्या काचपेटीवर टांगून ठेवला, तर उद्या नवी तपासणी आल्यावर काय करणार?

आता कुरआनकडे नीट पाहू. कुरआनमध्ये फिरऔन हा शब्द सत्तरहून अधिक वेळा येतो, पण त्या राजाचं व्यक्तिगत नाव एकदाही येत नाही. रामसेस नाही, मर्नेप्ताह नाही. 'फिरऔन' हे नाव नव्हे, ती पदवी आहे. प्राचीन इजिप्ती भाषेत 'पेर-आ' म्हणजे मोठं घर, राजवाडा. आपण 'दिल्लीने ठरवलं' किंवा 'मातोश्रीवरून आदेश आला' म्हणतो ना, तसं राजवाड्याचं नाव हळूहळू राजाला चिकटलं. हे इ.स.पू. पंधराव्या शतकाच्या सुमारास झालं. नाव न सांगता पदवी सांगण्यातला अर्थ मला असा दिसतो की मुद्दा व्यक्तीचा नाही, वागण्याचा आहे.

वागणं कोणतं? सूरह कससच्या सुरुवातीला ते नेमकं सांगितलं आहे. फिरऔनने देशात अहंकार माजवला, तिथल्या रहिवाशांचे गट पाडले, त्यातल्या एका गटाला दुबळं करून टाकलं, त्यांची मुलं मारली. लक्ष द्या, आरोपांत प्रजेत फूट पाडणं आधी येतं, कत्तल नंतर. ही ओळ वाचून आजूबाजूला बघायला कुणाची मनाई नाही. पण स्वतःच्या मोहल्ल्यातही बघा. शिया-सुन्नी, अशराफ-पसमांदा, एका मसलकचा माणूस दुसऱ्याच्या मशिदीत नको. गट पाडून माणसाला दुबळं करणारा प्रत्येक जण थोडासा त्या राजवाड्यातला आहे.

आणखी एक गोष्ट. कुरआनमध्ये इजिप्तचा एकच राज्यकर्ता नाही. सूरह यूसुफ आठवा. तिथल्या राजाला फिरऔन म्हटलेलं नाही, 'मलिक' म्हटलं आहे, म्हणजे राजा. त्याला स्वप्न पडतं, अर्थ लागत नाही, तर तो तुरुंगातल्या एका परदेशी कैद्याचं ऐकतो. त्याच्यावरचा आरोप खोटा होता का, याची चौकशी करवतो. आणि मग देशाच्या धान्यकोठारांची जबाबदारी त्याच्यावर सोपवतो. देश एकच, नदी तीच. एक राजा सल्ला ऐकतो आणि दुष्काळातून लोकांना वाचवतो. दुसरा ऐकत नाही आणि बुडतो. आपण दुसरा लक्षात ठेवला, पहिल्याला विसरलो.

तसंच फिरऔनच्या घरातल्यांचं. त्याच्याच घराण्यातला एक माणूस दरबारात उभा राहून मूसांची बाजू मांडतो. ती कहाणी सूरह मोमिनमध्ये आहे. फिरऔनची बायको, जिला आपण हजरत आसिया म्हणतो, ती कुरआनने सगळ्या ईमानवाल्यांपुढे आदर्श म्हणून ठेवली आहे. नुसत्या बायकांपुढे नाही, पुरुषांपुढेही, हे मी मुद्दाम सांगते. हजरत हाजरा आपल्या परंपरेनुसार इजिप्तच्या. हजला जाणारा प्रत्येक जण, गोरेगावचा असो की जकार्ताचा, सफा-मरवामध्ये एका इजिप्ती आईच्या पावलांवरून चालतो. हजरत मारिया किब्तियाही तिथल्याच. म्हणजे ज्या देशाला आपण एका जालिमाच्या नावाने ओळखतो, त्या देशाच्या लेकी आपल्या इबादतीत आणि आपल्या प्रेषितांच्या घरात आहेत.

आता इतिहास. इजिप्त एका राजाखाली आला इ.स.पू. ३१०० च्या सुमारास. शेवटची राणी क्लिओपात्रा मेली इ.स.पू. ३० मध्ये. मधली तीन हजार वर्षं म्हणजे किती? खुफूचा मोठा पिरॅमिड साधारण इ.स.पू. २५६० चा. क्लिओपात्रापासून मागे मोजत गेलं तर तो तिच्या अडीच हजार वर्षं आधीचा, आणि आपण तिच्या दोन हजार वर्षं नंतरचे. काळाच्या हिशोबात ती पिरॅमिडपेक्षा आपल्याला जवळची.

एवढ्या काळात सगळ्या प्रकारचे राज्यकर्ते होऊन गेले. हत्शेप्सुत ही बाई राजा म्हणून सुमारे वीस वर्षं राज्य करत होती. नंतर तिची नावं भिंतींवरून खरवडली गेली. अखेनातेनने आतेन या एकाच सूर्यदेवाची पूजा चालू केली. तो मेल्यावर त्याचंही नाव पुसलं. पंचविसाव्या घराण्याचे राजे आजच्या सुदानमधले, काळ्या कुशी लोकांमधले होते. क्लिओपात्राचं टॉलेमी घराणं ग्रीक होतं. ज्याला आपण एका शब्दात 'फिरऔन' म्हणतो, त्यात बाई आहे, आफ्रिकी आहे, ग्रीक आहे.

आणि राजांपेक्षा मला जास्त ओढ आहे ती कामगारांची. पिरॅमिड गुलामांनी चाबकाखाली बांधले असं सिनेमात दाखवतात. १९९० पासून गिझाला पिरॅमिडजवळच कामगारांची थडगी आणि वस्ती सापडली. त्यांना भाकरी आणि मांस मिळत होतं, मोडलेली हाडं जोडली जात होती, आणि मेल्यावर राजाच्या शेजारी मानाने पुरलं जात होतं. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे पपायरसचे कागद मिळाले. मेरेर नावाच्या एका मुकादमाची ती रोजनिशी आहे. आज तुराच्या खाणीतून चुनखडी भरली, आज होडीने गिझाला पोचवली, असं साधं रोजचं काम. लिहिलेला एवढा जुना पपायरस दुसरा सापडलेला नाही.

आणि मुंबईकरांनी मनात ठेवावी अशी एक घटना. इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, रामसेस तिसऱ्याच्या राज्यात, देर अल-मदीना या कारागिरांच्या गावात धान्याचा पगार थकला. राजांची थडगी खोदणाऱ्या त्या लोकांनी हत्यारं खाली ठेवली, देवळांपाशी जाऊन बसले आणि म्हणाले, आम्ही भुकेने आलो आहोत, अंगावर कपडा नाही, मासळी नाही, भाजी नाही. कारकुनाने हे सगळं लिहून ठेवलं. तो कागद आज इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. नोंद मिळालेला जगातला हा पहिला संप. ज्यांच्या घरात १९८२ च्या गिरणी संपाच्या आठवणी आहेत, त्यांना हे लोक परके वाटू नयेत.

आता प्रश्न येतो, इस्लाम आल्यावर मुसलमानांनी या जुन्या वारशाचं काय केलं? दोन्ही तऱ्हेचे लोक होते. सलाहुद्दीनचा मुलगा अल-अझीझ याने ११९६ मध्ये गिझाचा सर्वांत लहान मोठा-पिरॅमिड पाडायला माणसं लावली. आठ महिने खपून एका बाजूला फक्त खाच पडली. ती आजही दिसते. १३७८ मध्ये साइम अद-दहर नावाच्या एका माणसाने स्फिंक्सचा चेहरा विद्रूप केला, अशी नोंद मक्रीझी या मुस्लिम इतिहासकाराने केली आहे. नेपोलियनच्या तोफेने नाक उडालं ही गोष्ट खोटी.

पण त्याच काळात बगदादचे तबीब अब्दुल लतीफ होते. इ.स. १२०० च्या सुमारास ते इजिप्तमध्ये होते. पिरॅमिड पाडण्याच्या प्रयत्नावर त्यांनी हळहळून लिहिलं. हे अवशेष जुन्या काळाचे साक्षीदार आहेत, धर्मग्रंथांत ज्यांचा उल्लेख आहे त्यांच्या खुणा आहेत, म्हणून जपले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. हेच गृहस्थ दुष्काळात मेलेल्यांचे सांगाडे तपासून सांगतात की खालचा जबडा एका हाडाचा असतो, दोन नाही, गॅलेन चुकला. डोळ्यांनी पाहिलेलं ग्रंथातल्या मोठ्या नावापेक्षा वरचढ, ही आपली परंपरा आहे.

एकोणिसाव्या शतकात अल-अझहरमध्ये शिकलेले रिफाआ अत-तहतावी विद्यार्थ्यांचे इमाम म्हणून पॅरिसला गेले. परतल्यावर त्यांनी अरबीत प्राचीन इजिप्तचा इतिहास लिहिला. १८३५ मध्ये पुरातन वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी आली, त्या कामातही ते होते. अझहरच्या या आलिमाला फिरऔनचा देश आपला म्हणण्यात ईमानाला धोका वाटला नाही. ३ एप्रिल २०२१ ला कैरोच्या रस्त्यांवरून २२ राजा-राण्यांच्या ममी मिरवणुकीने नव्या संग्रहालयात नेल्या. बघायला जमलेले बहुतेक लोक मुसलमान होते. त्याच देशात १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांना गोळ्या घालणारा 'मी फिरऔनला मारलं' म्हणून ओरडला होता. जालिम राज्यकर्त्याला तिथेही फिरऔनच म्हणतात, आणि पिरॅमिड तरीही त्यांचेच असतात. दोन्ही एकाच वेळी शक्य आहे.

हे सगळं मी गोरेगावात का सांगते आहे? कारण तीन हजार वर्षं एका नावात कोंबली की काय होतं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असेल? महाराष्ट्रात मुसलमान म्हटलं की एकच नाव पुढे केलं जातं, औरंगजेब. खुलताबादच्या कबरीवरून वाद पेटतो आणि १७ मार्च २०२५ ला नागपूरमध्ये हिंसाचार होतो. त्यात मलिक अंबरने खडकी शहराला दिलेलं पाणी नसतं, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांची मराठी वाणी नसते, कोकणातला नाखवा नसतो, मालेगावचा विणकर नसतो. औरंगजेबाची पापं-पुण्यं इतिहासकारांनी पुराव्याने तपासावीत, त्याची वकिली करणं आपलं काम नाही. पण एका बादशहाच्या नावाने आख्ख्या समाजाला मोजू नका, असं आपण म्हणतो तेव्हा आपलं माप दुसऱ्यांसाठीही तेच असायला हवं. इजिप्तला फिरऔनने मोजायचं नाही, आणि आपल्या शेजाऱ्यांच्या इतिहासालाही एखाद्या राजाने किंवा एखाद्या दंगलीने मोजायचं नाही.

आणि शेवटी, इजिप्त तेवढा लांबही नाही. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात 'तुरमय' असं एक नाव आहे. गिरनारला आणि पाकिस्तानातल्या शाहबाजगढीला ते वाचता येतं. हा तुरमय म्हणजे इजिप्तचा राजा टॉलेमी दुसरा. त्याने तांबड्या समुद्रावर बेरेनिके हे बंदर वसवलं. त्या बंदराच्या उत्खननात भारतातली काळी मिरी आणि सागवान मिळालं. २०२३ मध्ये जाहीर झालं की तिथे बुद्धाची संगमरवरी मूर्ती आणि सातवाहनांची दोन नाणी सापडली. सातवाहन म्हणजे आपले, पैठणचे. इजिप्तमधल्या एका व्यापाऱ्याने पहिल्या शतकात ग्रीकमध्ये लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तिकेत सोपारा, कल्याण आणि चौल या तिन्ही बंदरांची नावं आहेत. पुढे ९१६ च्या सुमारास अल-मसूदी चौलला आला, तेव्हा त्याने तिथे सुमारे दहा हजार मुसलमान असल्याचं लिहिलं. म्हणजे ज्या समुद्रवाटेने आधी मिरी गेली आणि बुद्ध गेला, त्याच वाटेने पुढे आपला कलमा इथे आला. ही वाट आपलीच आहे, पूर्ण, पहिल्यापासून.

म्हणून तुम्हाला दोन कामं देते. एक, येत्या सुट्टीत गोरेगावहून बोरिवलीला गाडी बदला आणि नालासोपाऱ्याला उतरा. तिथला स्तूप बघा. अशोकाच्या लेखाचा एक तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात मिळाला. तो पाहायला दुसऱ्या दिवशी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. दुसरं, फिरऔनचा फोटो आला की पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे कुठे सापडलं? किती जुनं आहे? हे कुणी तपासलं? उत्तर मिळालं नाही तर तो तुमच्याकडेच थांबू द्या. आणि पाठवणारे चाचा किंवा मामू असतील तर चारचौघांत त्यांची फजिती करू नका. घरी जाऊन, चहा पिता पिता त्यांना त्या अठरा-वीस वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगा, ज्याच्या पाठीत कुणीतरी वार केला होता.